ओढणीतला नारळ

त्या मुलीचा फोटो अजून कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये असेल, कोण जाणे. फोटो मी काढायला लावला, त्याच्याखालची ओळ मी लिहिली आणि म्हसावदच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर मीच तो टाकला. मुलगी चोर नव्हती. ते मला त्याच दिवशी संध्याकाळी कळलं, पण तोवर फोटो सातपुड्यावर तिच्या पाड्यात तिच्या आधी पोचला होता.

आमचं किराणा दुकान सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. मधे एक लांब लाकडी फळी, फळीच्या आत आम्ही, बाहेर गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाने बोट दाखवायचं, आम्ही काढून द्यायचं. तेव्हा लोक हात मारत नव्हते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शेंगदाण्याच्या पोत्यातून मूठभर दाणे उचलून बोलता बोलता फस्त करणारे खूप होते. पण त्याला चोरी म्हणत नसत, चव बघणं म्हणत. मी कुरकुर केली की सासू म्हणायची, "खावू दे वं. तुन्हं काय गाव लुटायनं का?"

सासू अडाणी होती, पण तिला माणूस कळायचा. मला फक्त बोलता येतं. तुझ्या जिभेला हाड नाही, असं ती मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी म्हणाली होती, आणि तिच्या हयातीत मी ते खोटं करून दाखवलं नाही. पुढेही नाही.

तर त्या पहिल्या वर्षातलीच गोष्ट. होळीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दुकानाचं दार ओढून आत जेवायला बसलो होतो. नारळाची पोती बाहेर ओट्यावरच होती. खिडकीतून मला दिसलं की डोंगरातली एक पावरा आदिवासी बाई ओट्यावर चढली, डोक्यावरची पळसाच्या पानांची पुडी तिने दाराशी ठेवली, पोत्यातून एक नारळ उचलला, ओढणीच्या टोकात बांधला आणि चालू लागली. मी "चोर, चोर" करत उठले. सासूने माझा हात धरून मला खाली बसवलं. मग ती स्वतः बाहेर गेली आणि पुडी आत घेऊन आली. पुडी झाडाच्या सालीच्या दोरीने आडवी-उभी बांधलेली होती. आत आमचूर. उन्हाळ्यात खडकांवर वाळवून जपून ठेवलेला, पांढुरका, एकही काळी फोड नसलेला.

सासू म्हणाली, "चोर लई जास. हाई तं ठेई गई. मंग तिले चोर कसी म्हनू?"

पुढच्या वर्षी होळीच्या आदल्या दिवशी सासूने मुद्दाम नारळाचं पोतं ओट्यावर ठेवलं आणि आत डाळ निवडण्याचं सोंग करत बसली. बाई आली. पुडी ठेवली, नारळ उचलला, गेली. तिसऱ्या वर्षीही तेच. तिला आमची अहिराणी येत नव्हती, आम्हाला तिची पावरी येत नव्हती, आणि शाळेतलं मराठी तर तेव्हा आमच्यातल्या कुणालाच धड येत नव्हतं. बोलायची गरजही पडली नाही. पुढे पुढे ती दारातून आत बघून हसायची, सासूही हसायची, एवढंच. सासू गेली त्या वर्षी दारात फक्त मी होते. बाईने इकडेतिकडे पाहिलं, तिला समजलं. तिने नारळ उचलायच्या आधी माझ्या गालावरून हात फिरवला. मग दरवर्षी मी नारळ बाहेर ठेवत आले. तीसेक वर्षं झाली असतील. तिचं नाव मी कधी विचारलं नाही, तिनेही माझं विचारलं नाही.

गेल्या दसऱ्याला मुलाने दुकान पाडून नवं केलं. लाकडी फळी गेली, ओटा गेला. गुळगुळीत फरशी, लोखंडी मांडण्या, दाराशी प्लास्टिकच्या टोपल्या. टोपली घ्यायची, फिरायचं, हाताने माल काढायचा आणि जाताना बिल करायचं. शहाद्याला जायला नको म्हणून आसपासच्या गावांतली माणसं मोटारसायकलीवर बसून येऊ लागली. बायका तासतासभर फिरायच्या. माझ्या मुलाची छाती फुगली होती, माझीही.

मग माल गायब व्हायला लागला. टूथपेस्टचा खोका मांडणीवर, आत ट्यूब नाही. तुपाच्या बरण्यांच्या रांगेत मधेच खिंडार. बदाम, दाढीची पाती, अंगाला मारायचे फवारे, केसांचा रंग. एकदा तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरचा डबा गेला. कुणाच्या तरी पाळण्यात भूक असेल म्हणून सोडून दिलं. पण गोरं होण्याचं क्रीम गेलं की माझं डोकं फिरायचं. भुकेची चोरी समजते, नटायची चोरी कशी समजून घ्यायची?

आमच्याकडेच असं होतं असंही नाही. औषधवाला रडत होता, कापडवाला रडत होता, बांगड्या-टिकल्यांचं दुकान तर निम्मं उचलून नेल्यासारखं झालं होतं. मग सगळ्यांनी मिळून मोबाईलवर ग्रुप काढला. कुणी सापडला की त्याचा फोटो, खाली दोन ओळी, की पुढचा दुकानदार सावध. मुलाने सहा कॅमेरे बसवले. दाराशी पिशव्या ठेवायला कप्पे केले आणि तिथे एक बाई नेमली. पिशवी द्या, बिल्ला घ्या. मी गल्ल्याशेजारी टीव्हीसमोर बसायचे. त्यात सिरियल नव्हती, आमचीच गिऱ्हाइकं होती.

लोकांना ते आवडलं नाही, आणि का आवडावं? एका बागायतदाराच्या बायकोने पिशवी दाणकन आपटली आणि विचारलं, "आमी काय चोर शेतस का वं?" एक निवृत्त गुरुजी आले ते हात पाठीमागे बांधून फिरले. मांडणीवरचं काही हातात घेऊन पाहिलं नाही. दारातून जाताना दोन्ही तळवे मला दाखवले, हसले, आणि पुन्हा कधी आले नाहीत. उरलेली गिऱ्हाइकं एकमेकांवर पाळत ठेवू लागली. वर्षानुवर्षं एकमेकींकडे विरजण मागणाऱ्या बायका माझ्या कानाशी येऊन पुटपुटायच्या, "काकू, तिनी पर्स देखा बरं." दुकान चकचकीत झालं आणि त्यात शिरणाऱ्या प्रत्येकाची नजर खराब झाली. माझी सगळ्यात जास्त.

एक गोष्ट लपवली तर बाकी सगळं सांगण्यात अर्थ नाही. थंडीत मी खरोखरच एक चोर पकडला होता. दोन मजली घर, दारात गाडी, नवरा सरकारी नोकरीत अशी बाई. काजूचं पाकीट तिने पर्समध्ये घातलेलं मी टीव्हीत स्वच्छ पाहिलं. दाराशी तिला गाठून मी काय म्हणाले? "वहिनी, पर्समा काहीतरी ऱ्हाई गयं वाटतं." ती हसली. मीही हसले. पाकीट निघालं, मी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. फोटोचं नावही कुणी काढलं नाही. नंतर नवऱ्याने विचारलं तर मी म्हणाले, "चांगला घरनी बाई शे, इसरी गयी व्हई."

होळी आली. डोंगरातले लोक भोंगऱ्याच्या, म्हणजे होळीआधीच्या बाजाराच्या, खरेदीला उतरले. डाळ्या, गूळ, साखरेचे हार, नारळ. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आदल्या दोन दिवसांत बराच माल गेला होता आणि मुलाने मला सकाळीच ऐकवलं होतं की तू टीव्हीसमोर डुलक्या घेतेस. त्यामुळे मी आधीच तापलेली. नारळ दाराच्या आत एका निळ्या कॅरेटमध्ये ठेवले होते. माझी आमचूरवाली बाई येईल तेव्हा तिला आत बोलवावं लागेल, हे माझ्या मनात होतं. होळीचा आदला दिवस होता, सकाळपासून मी तिची वाट बघत होते. मधूनमधून दाराकडे मान उंचावून पाहत होते की म्हातारी अजून कशी आली नाही.

आणि तेव्हा टीव्हीत एक तरुण मुलगी दिसली. टोपली नाही. कॅरेटजवळ थांबली, इकडेतिकडे पाहिलं, एक नारळ उचलला, ओढणीच्या टोकात बांधला आणि दाराकडे निघाली.

मी खुर्चीवरून उठले ते ओरडतच. "धरा तिले!" दाराशी नेमलेल्या बाईने तिचा दंड पकडला. गर्दी आपोआप बाजूला झाली आणि मधे गोल जागा तयार झाली. मी त्यात जाऊन उभी राहिले.

"काय शे ओढनीमा? उघाड!"

तिने गाठ सोडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, जणू काही मीच काहीतरी बोलेन, काहीतरी मला माहीत आहे. मी गाठ स्वतः सोडली. नारळ फरशीवर पडून गडगडत गेला. मागून कुणीतरी हसलं.

"दुसरं टोक उघाड. झटक. आखो झटक."

तिने झटकलं, पुन्हा झटकलं. काही पडलं नाही. ती हळूच म्हणाली, "आईने सांगितलं होतं."

चांगलं शाळेतलं मराठी. त्याने मी आणखी भडकले. शिकलेली असून चोरी करते! "वा वं वा! माय चोरी करानं शिकाडस का तुले?" सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी हे म्हणाले. मी कामाच्या पोराला म्हणाले, काढ रे फोटो. तिने चेहरा ओढणीने झाकला तर मी ओढणी खाली ओढली. फोटोखाली मी लिहिलं, "सावधान. ही मुलगी ओढणीत माल लपवते." मग तिला जाऊ दिलं आणि आपण पोलिसांत दिलं नाही म्हणून स्वतःला दयाळूही समजले.

संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी दाराशी नेमलेली बाई म्हणाली, "काकू, कप्पामा हाई काय शे? कोनी लेवाले वनं नही." तिच्या हातात पळसाच्या पानांची पुडी होती. सालीची दोरी, आडवी-उभी.

मी ती उघडली नाही. उघडायची काही गरज नव्हती, वासच येत होता. "कोनी ठेयी?" मी विचारलं. ती म्हणाली, "ती नारळवाली ना. पिशवी न्हवती म्हनीसन मी बिल्ला दिन्हा नही."

चोर सोडून संन्याशाला सुळी, असं आपण दुसऱ्याच्या न्यायाबद्दल मजेत म्हणतो. सुळी आपण स्वतः रोवलेली असली की ती म्हण घशात अडकते.

फोटो काढून टाकायला मोबाईल घेतला. ग्रुपवरचा फोटो मी पुसला, पण तोपर्यंत तो ग्रुपमधून बाहेर पडून फिरत होता. मी नवीन ओळ लिहिली, "ती मुलगी निर्दोष आहे, चूक माझी झाली." तिच्याखाली दोघांनी अंगठ्याची चित्रं टाकली आणि एकाने होळीच्या शुभेच्छा दिल्या. ती ओळ कुणी पुढे पाठवली नाही.

धुळवड झाल्यावर मी वर जायचं ठरवलं. नवरा म्हणाला, "आते जाईसन काय करशी? झायं ते झायं." मी म्हणाले, "माले जानं शे." पिशवीत एक नारळ घेतला, निवडून, पाण्याने भरलेला. राणीपूरच्या पुढे वर जाणाऱ्या जीपमध्ये बसले आणि तेव्हा लक्षात आलं की कुठे जायचं ते मला माहीत नाही. तीस वर्षं जिच्या हातचा आमचूर खाल्ला तिचं नाव नाही, गाव नाही. माझ्याजवळ काय होतं? मुलाच्या मोबाईलवरून घेतलेला तो फोटो. तोच मी ड्रायव्हरसमोर धरला.

तो लगेच म्हणाला, "हाई? हाई तं तीच शे, नारळवाली चोट्टी. तुमनाच दुकानमा धरायनी व्हती ना?"

मी मान हलवली. त्याने मला बरोबर तिच्या पाड्याच्या तोंडाशी उतरवलं. वाटेत त्यानेच सांगितलं की मुलगी तिथल्या अंगणवाडीत खिचडी शिजवायची, धान्याच्या खोलीची किल्ली तिच्याकडे असायची. आता बाकीच्या बायका म्हणतात, चोराच्या हाती किल्ली नको.

कुडाचं घर होतं, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. म्हातारी खाटेवर बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांवर पांढरं पसरलं होतं. म्हणून ती आली नव्हती, म्हणून तिने लेकीला पाठवलं होतं आणि शिकवून पाठवलं होतं: पुडी दाराशी ठेवायची, नारळ आपल्या हाताने उचलायचा, बोलायचं काही नाही, त्या ओळखतात.

मुलगी दारात आली. तिने मला पाहिलं. आत गेली आणि माझ्यासाठी पाण्याचा तांब्या आणला. म्हातारीने कोण आलं विचारलं असावं. मुलीने सांगितलं. म्हातारीचा चेहरा उजळला. तिने हात पुढे केले, माझं मनगट चाचपलं, मग गालावरून हात फिरवला, सासू गेली त्या वर्षी फिरवला होता तसाच. आणि ती बोलायला लागली. तीस वर्षांचं साठलेलं असावं. मुलगी शेजारी उभी राहून एकेक वाक्य मला मराठीत सांगत होती, वर्गात धडा वाचावा तशी.

"ती म्हणते, तुमच्या दुकानातला नारळ आमच्या घरातून पहिला होळीत जातो."

"ती म्हणते, तुमची सासू चांगली होती. तुम्हीपण चांगल्या आहात."

"ती म्हणते, या वर्षीचा नारळ फार गोड निघाला."

मी मुलीकडे पाहिलं. तिने आवाज अजिबात न बदलता, त्याच सुरात पुढे सांगितलं, "तो मी दुसऱ्या दुकानातून विकत घेतला. तिला सांगू नका."

माझ्याने राहवेना. मी म्हणाले, "तिला सांग, माझी चूक झाली. मी तुला ओळखलं नाही. मी पाया पडायला आले आहे. सांग तिला." मी रडत होते, पण म्हातारीला ते दिसत नव्हतं. मुलीने पावरीत चार शब्द सांगितले. म्हातारी खुदकन हसली आणि तिने माझा हात दाबला.

"काय सांगितलंस?"

"तुम्हाला आमचूर आवडला, असं सांगितलं."

पिशवीतला नारळ मी खाटेवर ठेवला. म्हातारीने आत बोट दाखवलं. मुलीने आतून पळसाच्या पानांची एक पुडी आणली आणि म्हातारीने ती चाचपत माझ्या ओटीत घातली.

जीपच्या थांब्यापर्यंत मुलगी सोडायला आली. वाटेत मी म्हणाले, "अंगणवाडीत मी येते. सगळ्यांसमोर सांगते की तू चोर नाहीस. किल्ली तुला परत मिळेल."

तिने ओढणी डोक्यावर ओढून घेतली. मग म्हणाली, "तुम्ही आलात की पाडा जमेल. पाडा जमला की आई विचारेल काय झालं. तिला फोटो दिसत नाही. मला चोर न म्हणणारं एवढं एकच माणूस राहिलं आहे."



थांब्यावर जीप उभी होती, आत आणि टपावर माणसं. मी चढायला लागले तेव्हा तिने मागून हाक मारली. मी वळले. तिच्या हातात मी आणलेला नारळ होता, येताना तिने खाटेवरून उचलून आणला असणार. तो तिने माझ्या पिशवीत ठेवला. मग दोन पावलं मागे सरकली, ओढणीचं एक टोक हातात घेतलं आणि सगळ्यांच्या देखत झटकलं. दुसरं टोक घेतलं, तेही झटकलं. पुन्हा झटकलं.

"बघून घ्या," ती म्हणाली.

टपावरचे लोक वाकून बघत होते. ड्रायव्हर हसला आणि त्याने जीप चालू केली. माझ्या मांडीवर पळसाच्या पानांची पुडी होती, तिच्यावर मी दोन्ही हात ठेवले होते. म्हसावद येईपर्यंत ती उघडून दाखव, असं मला कुणी म्हणालं नाही.